नोंद नाही म्हणजे प्रजातीच नाही?

३० जून २०२४ रोजी भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाने कोलकात्यात देशातील समग्र प्राणिसृष्टीची सूची जाहीर केली. ३६ संघ, १२१ याद्या, १,०४,५६१ प्रजाती. अशी सूची सिद्ध करणारा भारत हा जगातील पहिला देश, असे तेव्हा सांगण्यात आले. या कामामागे वर्गीकरणतज्ज्ञांच्या कित्येक पिढ्यांचे कष्ट आहेत, याबद्दल दुमत नाही. माझे भांडण आहे ते एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांशी.

सूची नाव सांगते. ती प्रजाती कुठे, केव्हा, कोणाला आढळली, तिचा नमुना कोणत्या संग्रहात आहे, याची उत्तरे मात्र मूळ नोंदीत असतात. अशा असंख्य नोंदी आजही संग्रहालयांतील कपाटांत, प्रबंधांच्या परिशिष्टांत आणि प्रकल्प-अहवालांत अडकून पडल्या आहेत. सार्वजनिक पैशातून गोळा झालेली ही माहिती सार्वजनिक व्हायलाच हवी, आणि तीही ठरावीक मुदतीत, संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात.

मी मूळची भौतिकशास्त्राची. आमच्याकडे १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर शोधनिबंध छापण्यापूर्वीच सर्वांसमोर ठेवले जातात. ‘सर्न’ने २०१४ मध्ये प्रयोगांची विदा खुली करणारे संकेतस्थळ सुरू केले. भौतिकशास्त्रज्ञ स्वभावाने अधिक उदार असतात म्हणून हे घडले नाही. माहिती दडवणाऱ्याला प्रतिष्ठा मिळू नये अशी रीत तिथे घडवली गेली, एवढेच.

पुढे मी प्रजातींच्या भौगोलिक विस्ताराच्या गणिती प्रारूपांकडे वळले. एका संस्थेकडे बेडकांच्या जुन्या नोंदी मागितल्या. पाच महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर हाती आली तिरपी स्कॅन केलेली काही पाने. स्थळाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता: ‘पश्चिम घाट’. सुमारे सोळाशे किलोमीटर लांबीच्या डोंगररांगेत तो बेडूक शोधायचा कुठे?

याउलट पक्ष्यांकडे पाहा. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’वर केलेल्या सुमारे तीन कोटी निरीक्षणांवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के घटत असल्याचे त्यातून कळले. शिक्षक, विद्यार्थी, बँकेतले कर्मचारी अशांनी नोंदी वाटून घेतल्या नसत्या, तर ही घट आपल्याला दिसलीच नसती. बेडूक, कोळी, गोगलगायी यांच्याबाबतीत आपण आज जवळजवळ आंधळे आहोत.

खुलेपणावर तीन आक्षेप हमखास येतात. पहिला जैवचौर्याचा. २००२ चा जैवविविधता कायदा याच भीतीतून घडला, आणि ती भीती निराधार नाही. पण हळदीच्या पेटंटचे काय झाले ते आठवावे. अमेरिकेत दिले गेलेले ते पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले, कारण डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील ‘सीएसआयआर’ने आधीच प्रसिद्ध झालेले पुरावे सादर केले. उघड आणि दिनांकित नोंदच तेव्हा आपल्या कामी आली. कपाटातल्या कागदाने कोणतेही पेटंट रद्द होत नाही.

दुसरा आक्षेप तस्करीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. आंध्र प्रदेशातील गुत्तीजवळ सापडलेला निळा टॅरांटुला, ‘पोसिलोथेरिया मेटॅलिका’, आज जगभरच्या हौशी बाजारात विकला जातो. अशा प्रजातींचे अचूक ठिकाण जाहीर करणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे. पण त्यावर उपाय आहे: ‘आयनॅचरलिस्ट’ संकटग्रस्त प्रजातींचे स्थान हेतुतः धूसर करून दाखवते. काही प्रजातींसाठी पडदा हवा म्हणून साऱ्या घराची दारे बंद करण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप श्रेयाचा. वीस वर्षे जंगल तुडवलेल्या वर्गीकरणतज्ज्ञाची विदा कोणी माझ्यासारखी प्रारूपे करणारी व्यक्ती उचलून निबंध छापते, तेव्हा त्याचा संताप रास्तच असतो. म्हणून संकलकाला दोन वर्षांची राखीव मुदत द्या, प्रत्येक विदासंचाला उद्धृत करता येईल असा कायम क्रमांक द्या, आणि नेमणूक-बढतीच्या वेळी तो शोधनिबंधाइतकाच मोजा. इथे दोष आमच्या मूल्यमापनाचा आहे, खुलेपणाचा नव्हे.

हा वाद केवळ अभ्यासकांचा नाही. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांचे मूल्यांकन करावे लागते. त्यात प्रजातींची यादी असते, पण ती बहुधा पीडीएफच्या परिशिष्टात निजते. निरीक्षणाचा दिनांक, स्थळ, छायाचित्र यांपैकी काहीच तपासता येत नाही. जिथे जुनी खुली नोंद नाही, तिथे प्रजातीच नाही असे मानले जाते, आणि पुढे खाण किंवा धरण होते. गावकऱ्यांनी आक्षेप घ्यायचा तर कोणत्या पुराव्यावर?

राष्ट्रीय विदा-सामायिकीकरण धोरण २०१२ मध्येच आले. जनुकीय विदेसाठी २०२२ मध्ये फरिदाबादला भारतीय जैविक विदा केंद्र उभे राहिले. प्रजातींच्या नोंदींसाठी २००८ पासून ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’ आहे. तेव्हा साधने नाहीत ही सबब चालणार नाही. उणीव आहे ती सक्तीची. सरकारी अनुदानाचा शेवटचा हप्ता आणि प्रकल्पाची मंजुरी, दोन्ही विदा जमा केल्याशिवाय मिळू नयेत.

विद्यार्थिमित्रांनो, धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्या प्रबंधाच्या परिशिष्टातील प्रजातींची यादी दिनांक आणि स्थळासह आजच खुल्या व्यासपीठावर ठेवा, आणि मार्गदर्शक नको म्हणाले तर त्यांना कारण विचारा.