तांब्याचा बॉयलर आणि उसाची मोळी

वाफेवर चालणाऱ्या जुन्या शेतीयंत्रांच्या छोट्या, पण खरोखर धूर सोडणाऱ्या प्रतिकृती घडवणे हा इंग्रजांचा छंद समजला जातो, आणि तो आहेही. लीड्सच्या जॉन फाउलरच्या वाफेच्या नांगराला १८५८ साली तिथल्या रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटीने ५०० पौंडांचे पारितोषिक दिले. पुढे समोरासमोरच्या बांधांवर दोन इंजिने उभी करून तारेच्या दोराने नांगर इकडून तिकडे ओढण्याची रीत रूढ झाली. त्याच यंत्राचे एकास बारा प्रमाणातले रूप करण्यात तिकडची माणसे वर्षे घालवतात.

हा छंद नाशिकने उचलावा, असे आमचे मत आहे. मराठीच्या अध्यापकांनी यात का पडावे, असे कुणी विचारील. विचारू द्यावे.

अशा प्रतिकृतीचा जीव तिच्या बॉयलरात असतो आणि तो बहुधा तांब्याचा असतो. पत्रा ठोकला की तांबे कडक होते. ते लाल तापवून मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. सांधे चांदीमिश्रित झाळीने जोडायचे आणि चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबाने, पाणी भरून, भांडे तपासायचे. यातले ठोकणे, तापवणे आणि झाळणे आमच्या तांबट मंडळींना नव्याने शिकवावे लागणार नाही. चाके आणि सिलिंडर कातायला सातपूर-अंबडचे लेथ आहेतच. १९२३च्या बॉयलर कायद्याने २२.७५ लिटरांहून मोठ्या भांड्यालाच बॉयलर मानले होते. एवढ्याशा भांड्याची जबाबदारी म्हणून सरकारी निरीक्षकापेक्षा करणाऱ्याच्या सचोटीवर अधिक पडते.

यंत्र लहान केले म्हणून त्याचा स्वभाव तसाच राहतो, असेही नाही. लांबी दहापट कमी केली की पृष्ठभाग शंभरपट घटतो, आकारमान हजारपट. वाफ थोडी आणि निवायला जागा त्या मानाने फार, त्यामुळे सिलिंडरातच तिचे पाणी होते. प्रतिकृती म्हणजे मूळ यंत्राचे भाषांतर आहे. शब्दशः केले तर चालत नाही.

मात्र फाउलरचा नांगर आपण कशाला करायचा? आपल्या शेतीत वाफ मुक्कामाला आली ती उसाच्या वाटेने. आमच्याच जिल्ह्यात रावळगावचा साखर कारखाना १९३३ साली उभा राहिला. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०चा. तीन लाटांमधून ऊस पिळायचा, उरलेले चिपाड भट्टीत घालायचे आणि त्याच वाफेवर पुढचा ऊस पिळायचा, हे चक्र टेबलावर मांडायला सुरेख आहे. गळीत हंगामापूर्वी ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ करणारी आपली मंडळी वाफेला देवत्व देऊन मोकळी झाली आहेत. (हा शब्द ज्याने घडवला त्याला साष्टांग नमस्कार.)

आमचा खरा आग्रह याच्या पुढचा आहे. वाफ कारखान्याच्या फाटकाशी थांबली. फाटकाबाहेर ऊस तोडायला आजही प्रामुख्याने माणसेच आहेत. त्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. दोन माणसांना एका हत्याराच्या नावाने मोजणारी ही भाषा आमचीच आहे, आणि ती शिकवून आम्ही पगार घेतो. इंग्रजांच्या प्रतिकृतींत यंत्र चकचकीत असते आणि शेतमजूर बहुधा नसतो. तोच कित्ता आपण गिरवला, तर पितळ कितीही उजळले तरी ते चित्र खोटे होईल. म्हणून गव्हाणीच्या अलीकडे फड हवा, कोप्या हव्यात, बैलगाडी हवी.

एकास बारा प्रमाणात मोळी वाहणारी बाई सुमारे १३ सेंटिमीटरांची होते. ती तारेची करावी की लाकडाची, याविषयी आमच्यात एकमत नाही. मोळी मात्र वाळलेल्या हरळीची करावी, हे ठरले आहे.