मोनॅकोत पाऊस पडला आणि पहिल्या नंबरवर असलेला लेक्लेर चौथा आला, त्या दिवशी नेमकं काय गंडलं होतं?

तारीख होती २९ मे २०२२. भारतात संध्याकाळचे साडेसहा वाजत आले होते आणि फॉर्म्युला वनचे फॅन्स टीव्हीसमोर बसले होते. मोनॅको ग्रांप्री सुरू होणार होती. सगळ्यात पुढे फेरारीचा शार्ल लेक्लेर उभा होता. हा पोरगा मोनॅकोचाच. याच रस्त्यांवर लहानाचा मोठा झालेला. पण फॉर्म्युला वनमध्ये आल्यापासून त्याला घरच्या रेसमध्ये एकदाही शेवटचा झेंडा बघता आला नव्हता. आदल्या वर्षी तर पोल पोझिशन मिळूनही गाडी बिघडल्यामुळे त्याला रेस सुरूच करता आली नव्हती.

यावेळी गाडी ठणठणीत होती. मोनॅकोत ओव्हरटेक करणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे जो पुढून सुटला तो जिंकला, असं मानलं जातं.

आणि नेमका पाऊस आला.

रेस तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली. संपली तेव्हा लेक्लेर चौथा होता. त्याने गाडी कुठे ठोकली नाही, तो कुठे घसरला नाही, रस्त्यावर त्याला कुणी ओव्हरटेकही केलं नाही. तरी तो चौथा आला.

असं कसं झालं? हे समजून घ्यायचं असेल, तर शहरातल्या रस्त्यावर पाऊस पडला की रेसचं काय होतं ते आधी बघावं लागेल.

शहरातला रस्ता आणि रेसचा ट्रॅक यात फरक काय?

सिल्व्हरस्टोन किंवा आपल्याकडचं ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हे फक्त रेससाठी बांधलेले ट्रॅक आहेत. कडेला मोकळी जागा असते. गाडी घसरली तर ती गवतात, खडीत किंवा डांबराच्या मोकळ्या पट्ट्यात जाते. ड्रायव्हरचे काही सेकंद जातात, नशीब असेल तर तो परत येतो.

स्ट्रीट सर्किट म्हणजे रोजच्या वापरातला रस्ता. मोनॅकोचा ट्रॅक ३.३३७ किलोमीटरचा आहे आणि रेस ७८ लॅपची असते. एरवी त्याच रस्त्यावरून लोक ऑफिसला जातात, बस धावतात. रेसच्या आठवड्यात दोन्ही बाजूंना लोखंडी बॅरियर लागतात. चूक झाली की समोर थेट बॅरियर.

त्यात पाऊस पडला की काय होतं, हे पहिल्या पावसात टू व्हीलर चालवलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबला की चाक सरकतं, गटाराच्या झाकणावर सरकतं. फॉर्म्युला वनच्या गाडीचंही तसंच होतं, फक्त वेग कितीतरी जास्त असतो. रस्त्याला उतार असतो, पाणी कुठे वाहून जातं तर कुठे साचून राहतं. मोनॅकोत तर एक बोगदा आहे. बाहेर पाऊस आणि आत कोरडं. १९८४ साली इथे जोरदार पाऊस झाला, तेव्हा ओल्या रस्त्यावरून अचानक कोरड्यात शिरणं धोक्याचं वाटल्यामुळे बोगद्यात मुद्दाम पाणी मारून रस्ता ओला करून घेतला होता.

अशा रस्त्यावर पाऊस आला की रेसचा निकाल तीन प्रश्नांवर येऊन थांबतो. सुरू कधी करायची? टायर कधी बदलायचे? आणि थांबवायची कधी?

पहिला प्रश्न, सुरू कधी करायची?

त्या दिवशी मोनॅकोत दुपारी ३ वाजता रेस सुरू व्हायला हवी होती. पाऊस येतोय म्हणून आधी काही मिनिटं पुढे ढकलली. मग सेफ्टी कारच्या मागे गाड्या निघाल्या आणि तेवढ्यात पाऊस इतका वाढला की सगळ्यांना परत पिट लेनमध्ये आणलं. खरी सुरुवात झाली ४ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास, तीही सेफ्टी कारच्या मागून. त्या वीकेंडला ड्रायव्हर्सना ओल्या ट्रॅकवर सरावच मिळाला नव्हता, आणि जोरदार पावसाने स्टार्टच्या दिव्यांच्या वीजपुरवठ्यातही गडबड झाली होती, असं एफआयएकडून नंतर सांगण्यात आलं.

सोशल मीडियावर तेव्हाही तोच सवाल होता जो दर पावसाळी रेसला असतो. पावसाचे टायर बनवलेत ना, मग पळवा की गाड्या!

प्रश्न चुकीचा नाही. पिरेलीच्या आकड्यांनुसार, फुल वेट टायर ३०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला ८५ लिटरच्या आसपास पाणी बाजूला फेकतो. इंटरमीडिएट टायर फेकतो साधारण ३० लिटर. म्हणजे टायरची ताकद कमी नाही. अडचण अशी आहे की बाजूला फेकलेलं हे पाणी मागच्या ड्रायव्हरच्या तोंडावर येतं. आजूबाजूला गाड्या आहेत आणि पुढे कोण आहे, थांबलंय की पळतंय, काहीच दिसत नाही.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. २०१४ ला जपानमध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर पावसात जूल्स बियांकीची गाडी घसरली आणि दुसरी गाडी उचलायला आलेल्या क्रेनवर जाऊन आदळली. जुलै २०१५ मध्ये तो गेला. बियांकी हा लेक्लेरचा गॉडफादर होता, त्याच्या कुटुंबाच्या अगदी जवळचा. सुझुका हे स्ट्रीट सर्किट नाही, पण त्यानंतर पाऊस आला की रेस कंट्रोलमधला माणूस दोनदा विचार करतो, त्यामागे हा अपघात आहे.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण म्हणजे २०२१ चं बेल्जियम. लोक तासनतास पावसात बसले, सेफ्टी कारच्या मागे दोन-तीन चकरा झाल्या, अर्धे पॉइंट वाटले आणि रेस संपली असं जाहीर झालं. त्यावर इतकी टीका झाली की पुढच्या वर्षी नियम बदलला. सेफ्टी कारशिवाय किमान दोन लॅप झाल्याशिवाय पॉइंट मिळणार नाहीत, असं ठरलं.

म्हणजे लवकर सोडलं तर जिवाशी खेळ आणि थांबवून ठेवलं तर तिकीट काढलेल्या लोकांची फसवणूक.

दुसरा प्रश्न, टायर कधी बदलायचे?

आता येऊ लेक्लेरकडे.

रेस सुरू झाली तेव्हा सगळ्यांना फुल वेट टायर सक्तीचे होते. क्रम होता लेक्लेर, त्याचा टीममेट कार्लोस साइन्झ, मग रेड बुलचे सर्जियो पेरेझ आणि मॅक्स व्हर्स्टापेन. पाऊस थांबला, ट्रॅक हळूहळू सुकायला लागला.

सुकणाऱ्या ट्रॅकवर एक वेळ अशी येते की जो टायर आत्तापर्यंत बरोबर होता तोच अचानक हळू पडतो. आधी फुल वेटवरून इंटरमीडिएटवर जायची वेळ, मग इंटरमीडिएटवरून कोरड्या रस्त्याच्या स्लिक टायरवर. ही वेळ एका लॅपने चुकली तरी काही सेकंद हातचे जातात. मोनॅकोत गेलेले सेकंद परत मिळत नाहीत, कारण ओव्हरटेक करायला जागाच नाही.

त्या दिवशी लवकर हिंमत केली अल्फाटाउरीच्या पिएर गॅस्लीने. तो पार मागे होता, गमावण्यासारखं काही नव्हतं. त्याने सुरुवातीलाच इंटरमीडिएट टायर घेतले आणि मोनॅकोत चक्क रस्त्यावर ओव्हरटेक करायला लागला. इतर टीम्सना उत्तर समोर दिसत होतं.

रेड बुलने ते वाचलं. १६ व्या लॅपला पेरेझला आत बोलावून इंटरमीडिएट दिले. तो लगेच जोरात पळायला लागला. फेरारीने लेक्लेरला बोलावलं १८ व्या लॅपला. फरक फक्त दोन लॅपचा, पण लेक्लेर बाहेर आला तेव्हा पेरेझ पुढे निघून गेला होता.

साइन्झने मात्र इंटरमीडिएटचा टप्पाच टाळला. तो फुल वेटवरच थांबला आणि २१ व्या लॅपला थेट स्लिक घ्यायला आला. त्याच लॅपला फेरारीने लेक्लेरलाही आत बोलावलं. आणि तो पिट लेनकडे वळत असतानाच रेडिओवर निरोप आला की आत येऊ नकोस, बाहेरच थांब. तोवर उशीर झाला होता. लेक्लेर आत आला तर समोर साइन्झच्या गाडीचे टायर बदलणं चालू. त्याला आपल्याच टीममेटच्या मागे ताटकळत थांबावं लागलं.

पुढच्याच लॅपला रेड बुलच्या दोन्ही गाड्यांनी टायर बदलले. पेरेझ बाहेर पडला साइन्झच्या पुढे आणि व्हर्स्टापेन लेक्लेरच्या पुढे. पेरेझ, साइन्झ, व्हर्स्टापेन, लेक्लेर. हाच क्रम शेवटपर्यंत राहिला.

मध्ये हासच्या मिक शूमाकरचा स्विमिंग पूलजवळ अपघात झाला, गाडीचे दोन तुकडे झाले, तो सुखरूप बाहेर आला. रेस थांबवावी लागली. पुन्हा सुरू झाल्यावर वेळेची मर्यादा आडवी आली आणि ७८ ऐवजी ६४ लॅपवरच झेंडा पडला. शेवटी चौघंही तीन सेकंदांच्या आत एकामागोमाग होते, पण कुणालाच कुणाच्या पुढे जाता आलं नाही.

आपल्याकडून चुका झाल्या, हे फेरारीचे तेव्हाचे बॉस मत्तिया बिनोट्टो यांनी मान्य केलं. चॅम्पियनशिपमध्ये लेक्लेर मोनॅकोला आला तेव्हा व्हर्स्टापेनच्या ६ पॉइंट मागे होता. पुढून सुटून पहिला आला असता तर टेबलमध्ये वर गेला असता. परत गेला तेव्हा ९ पॉइंट मागे होता.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सिंगापूरला हेच गणित दुसऱ्या प्रकारे दिसलं. तीही रस्त्यावरची रेस, पण रात्रीची. पावसामुळे १ तास ५ मिनिटं उशिरा सुरू झाली. रात्री ऊन नाही, हवा दमट, त्यामुळे ट्रॅक सुकता सुकेना. मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलने २१ व्या लॅपला स्लिक टायर लावून बघितले आणि तो गाडी सरळ ठेवायलाच धडपडू लागला. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून आणखी बारा-पंधरा लॅप वाट पाहिली. मोनॅकोत ज्याने घाई केली तो जिंकला, सिंगापुरात घाई करणारा फसला. दोन्हीकडे विजेता एकच, सर्जियो पेरेझ.

तिसरा प्रश्न, थांबवायची कधी?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुन्हा मोनॅकोचंच. ३ जून १९८४. धो धो पावसात मॅकलरेनचा अ‍ॅलन प्रोस्ट पुढे होता आणि टोलमनसारख्या छोट्या टीमच्या गाडीतून आयर्टन सेना नावाचा नवखा पोरगा त्याला गाठत होता. सेनाचं ते पहिलंच वर्ष. आता तो पुढे जाणार असं वाटत असताना रेसचे अधिकारी जॅकी इक्स यांनी लाल झेंडा दाखवला. ३१ लॅपचा निकाल धरला गेला. प्रोस्ट पहिला, सेना दुसरा.

इक्स स्वतः पोर्शसाठी रेस करायचे आणि प्रोस्टच्या गाडीचं इंजिन पोर्शने बनवलेलं होतं. त्यामुळे त्यांच्यावर संशय घेतला गेला. स्टुअर्ड्सना न विचारता रेस थांबवली म्हणून त्यांच्यावर कारवाईही झाली.

पण गंमत पुढे आहे. रेस अर्धवट झाल्यामुळे पॉइंटही अर्धेच मिळाले. प्रोस्टला ९ ऐवजी साडेचार. वर्षाच्या शेवटी निकी लाउडाचे झाले ७२ आणि प्रोस्टचे साडेएकाहत्तर. अर्ध्या पॉइंटने चॅम्पियनशिप गेली. रेस पूर्ण झाली असती आणि प्रोस्ट सेनाच्या मागे दुसरा आला असता, तरी त्याला ६ पॉइंट मिळाले असते आणि तो चॅम्पियन झाला असता. ज्या निर्णयाने त्याला वाचवलं असं लोक म्हणत होते, त्याच निर्णयाने त्याला बुडवलं.

मग या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध आहे, कारण रस्त्यावरची रेस आता भारतातही आली आहे.

चेन्नईत आयलंड ग्राउंड्सच्या भोवती साडेतीन किलोमीटरचा स्ट्रीट सर्किट आखला गेला. रेस होणार होती ९ आणि १० डिसेंबर २०२३ ला. पण त्या आठवड्याच्या सुरुवातीला मिचाँग चक्रीवादळ आलं, चेन्नई पाण्याखाली गेली, लोकांच्या घरात पाणी शिरलं. रेस पुढे ढकलली. ती झाली थेट ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ ला, रात्रीच्या दिव्यांत. तेव्हाही शनिवारी पाऊस आला आणि ट्रॅकला एफआयएची मंजुरी मिळायला उशीर झाला. सरकारी खर्च आणि लोकांची गैरसोय यावरून प्रकरण मद्रास हायकोर्टातही गेलं होतं. २०२५ मध्ये नवी मुंबईतही अशी रेस भरवण्याची घोषणा झाली.

मोनॅको आणि सिंगापूरमध्ये पाऊस म्हणजे टायर कुठला, एवढाच प्रश्न असतो. रस्त्यावरचं पाणी तासाभरात निघून जाईल हे तिथे गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे तासभर जोराचा पाऊस झाला की कुठल्या चौकात किती पाणी साचणार हे तिथल्या रिक्षावाल्याला आधीच माहीत असतं. म्हणून आपल्याकडे स्ट्रीट रेसची चर्चा होते तेव्हा गाड्या किती वेगाने पळतील याच्या आधी विचारायला हवं की पाऊस पडला तर या रस्त्यावरचं पाणी कुठे जाणार? रेस दोन दिवसांची असते. उरलेले ३६३ दिवस त्या रस्त्यावरून आपल्यालाच जायचं असतं.

राहिला लेक्लेर. २०२२ ला त्याने घरची रेस पहिल्यांदा पूर्ण केली, तीही अशी. दोन वर्षांनी, २६ मे २०२४ ला, तो पुन्हा पोलवरून सुटला आणि यावेळी जिंकला.

त्या दिवशी मोनॅकोत पाऊस नव्हता.