शहराने फेडावयाचे देणे

गारखेडा हे नावच सांगते की येथे एके काळी खेडे होते. आज ते छत्रपती संभाजीनगराच्या पोटात गेले आहे. तेथील नोकरदाराच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. दुकानाच्या मालमत्ता करात रोजगार हमीचा उपकरही असतो. हा पैसा कशासाठी, हे देणाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील कुणब्यावर खडी फोडण्याची पाळी आली. त्याच सुमारास वि. स. पागे यांच्या योजनेवरून मागेल त्यास काम देण्याचे सरकारने ठरविले. १९७५ साली व्यवसाय कर बसला, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. कराचे उत्पन्न आणि सरकारची तितकीच भर, असा निधी ठरला. कमावत्या शहराने पैसा द्यावा व त्यातून खेड्यात बांध, तलाव, रस्ते व्हावेत, ही ती व्यवस्था. २००५ साली देशाने केलेल्या कायद्यास हाच धडा उपयोगी पडला.

कोणी म्हणेल, आमच्या कमाईतून खेड्यास दान कशाला? आम्ही म्हणतो, हे दान नव्हे, देणे आहे. रयतेच्या घामाचा सारा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे सांगितले होते. आजही पाहा. पैठणच्या नाथसागराखाली जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्या. त्याचे पाणी येते शहराच्या नळास. पोर वाढवावे खेड्याने, आणि त्याच्या मनगटाचे बळ वापरावे शहराने!

परंतु हे देणे वसूल कसे होते? १९८८ साली राज्यघटनेत या कराची कमाल मर्यादा वर्षास २,५०० रुपये ठरली, ती अद्याप तशीच आहे. स्त्रियांस पंचवीस हजार पगारापर्यंत माफी मिळाली, हे योग्यच झाले. पण खेड्यातून आलेला पहारेकरी दहा हजारांच्या वर गेला की २,५०० देतो, आणि महिन्यास दोन लाख मिळविणारा साहेबही २,५०० च देतो! एकाच्या चुलीवरचे पातेले रिकामे होते, दुसऱ्यास पत्ताही लागत नाही. यास समता कोण म्हणेल?

आमच्या मागण्या तीन. राज्य सरकारने लहान पगाराच्या पुरुषांसही माफी द्यावी. संसदेने ही जुनी मर्यादा उठवून मोठ्या मिळकतीवर चढता कर बसविण्याची मोकळीक द्यावी. आणि वसूल झालेल्या पै-पैचा हिशेब गावोगाव ग्रामसभेत वाचला जावा.

खेड्यातील बंधुभगिनींनो, हा हिशेब तुम्हीच मागा. न मागता हिशेब देणारा सावकार आमच्या पाहण्यात नाही, आणि सरकारही नाही.