शार्लोट तलावाचा फेरा

खराडीतील मुलांना पाणी कोठून येते असे विचारले, तर पुष्कळ जण टँकरकडे बोट दाखवतील. मुळा-मुठा शेजारून वाहते. परंतु तिचे पाणी ओंजळीत घ्यावे असे राहिलेले नाही, आणि उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांच्या फाटकाशी सकाळीच टँकर उभा राहतो. ज्या घरात पाण्याचा हिशेब असा पैशांत मांडावा लागतो, त्या घराने एखादा सुटीचा दिवस माथेरानच्या शार्लोट तलावासाठी अवश्य राखून ठेवावा. गर्द रानातील हा तलाव पाहायला सुंदर आहे, आणि माथेरान गावाला पिण्याचे पाणीही तोच पुरवतो.

पुण्याहून कर्जतला थांबणाऱ्या गाडीने जाऊन पुढे लोकलने नेरळ गाठता येते. स्वतःच्या मोटारीने गेल्यास घाट चढून दस्तुरी नाक्यावर ती ठेवावी लागते. माथेरानात खासगी मोटारीला प्रवेश नाही. जवळच्या अमन लॉज स्थानकावरून छोटी गाडी माथेरान बाजारापर्यंत नेते. नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग 1907 साली पूर्ण झाला. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभाई यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी तो घरच्या भांडवलातून उभारला. आपल्या हयातीत किती परतावा मिळेल एवढाच विचार केला असता, तर डोंगरावर रूळ चढले नसते.

बाजारातून तलावाकडे जाणारी वाट लाल मातीची, बहुतांशी सपाट आणि सावलीची आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशा झाडांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या असतात. उन्हाळ्याच्या सुरुवातीस अंजनीच्या फांद्यांवर निळसर जांभळी फुले बिलगून येतात. मान वर करून शांतपणे चालणाऱ्यास शेकरूही दिसू शकते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर उडी घेत तो रान ओलांडतो. म्हणून फांद्यांची ही साखळी तुटली की त्याचा रस्ताच बंद होतो.

सुमारे अर्ध्या-पाऊण तासात झाडीतून पाणी चमकू लागते. बांधावर उभे राहिले की समोर तलाव, आणि काठाच्या झाडीत ग्रामदैवत पिसरनाथाचे प्राचीन मंदिर. पुढे एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट लागतात. लुईझावरून पश्चिमेला प्रबळगडाचा विस्तार दिसतो. तलावाच्या अगदी काठाकाठाने पूर्ण वर्तुळ करता येत नाही. मात्र एका वाटेने जाऊन कड्यांवरील ठिकाणे पाहत दुसऱ्या वाटेने बाजारात परतता येते. थांबत, बसत, फराळ करत हा फेरा तीन-चार तासांचा होतो. घरातील सर्वांत वडील माणसाच्या चालीने सर्वांनी चालावे. नातवंडे पुढे धावली तरी वळणावर थांबून आजी-आजोबांची वाट पाहतात, आणि दुकानाच्या गल्ल्यावर न होणारे बोलणे अशा वाटेवर आपोआप होते.

या तलावाचे गणित व्यापारी कुटुंबास लवकर उमगावे. माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. पाऊस येथे भरपूर, पण तो चार महिन्यांचा. डोंगरमाथ्यावरून पाणी पाहता पाहता दरीत उतरते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा पाण्याचा वेग मोडतो, सच्छिद्र जांभा खडक पाणी मुरवून घेतो. उरलेले पाणी बांध अडवतो. रान हे मुद्दल, आणि तलाव हे त्याचे व्याज. झाड तुटले की माती सैल होते, माती वाहून तलावात गेली की साठा घटतो. व्याजावर घर चालते. मुद्दलाला हात लागला की पेढी बुडते. 2003 साली केंद्र शासनाने माथेरान आणि भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला, तो हे मुद्दल राखण्यासाठीच.

म्हणूनच येथे येणाऱ्याने आपण कोणाच्या तरी पाणवठ्यावर आलो आहोत, हे विसरू नये. या पाण्यात उतरू नये, हातपाय वा भांडी धुऊ नयेत. तलाव खोल आहे आणि पोहण्याच्या मोहाने येथे जीव गेलेले आहेत. खाकरा, दशमी, चिवडा कापडी पिशवीत न्यावा. रिकामे पुडे परत आणावेत. माकडांना खाऊ घालणे ही दया नव्हे. त्यामुळे ती रानातील आहार सोडून माणसांच्या पिशव्यांवर झडप घालू लागतात. घोडा समोरून आला तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूस थांबावे. कड्याच्या टोकावर छायाचित्रासाठी मुलांना उभे करू नये.

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात आणि नेरळहून वर येणारी गाडीही बंद असते. सकाळी लवकर चालू लागल्यास दुपारपर्यंत फेरा पुरा होतो आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण गडबडीवाचून आटोपते.

रात्री खराडीत परतल्यावर मुलाने नळ सोडला आणि भांडे भरताच आठवणीने बंद केला, तर तो दिवस सार्थकी लागला असे समजावे. नळामागे टँकर असतो, टँकरमागे कोठेतरी विहीर वा तलाव, आणि त्याच्याही मागे रान. ते रान ज्याने एकदा पायी पाहिले, त्याला पाणी जपून वापरा असे वेगळे सांगावे लागत नाही.