खिडकी सोडा, आइल सीट धरा



एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या पिढीतली मी. सांगली स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत आमचा रुमाल सीटवर पडलेला असायचा. चाकावरची सीट नको, गुडघे हनुवटीला लागतात. शेवटचा बाक नको, खड्डा आला की डोके टपाला आपटते. दुपारच्या गाडीला उन्हाची बाजू नको. हे आम्हाला कोणी शिकवले नाही, आपोआप येत गेले. आणि याच आम्ही बायका विमानात मात्र बोर्डिंग पासवर जो आकडा छापून येईल तिथे मुकाट्याने जाऊन बसतो. वर म्हणतो, "असू दे, कुठेही बसेन मी."

हे "कुठेही बसेन" मला एकदा चांगलेच महागात पडले, म्हणून आज हा विषय.

लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले होते. आखातात विमान बदलायचे आणि मग न्यूयॉर्कपर्यंत सुमारे चौदा तास एका जागी. तिकीट काढताना जावयांनी विचारले होते, "आई, सीट निवडू का? थोडे जास्तीचे पैसे पडतात." मी लगेच नको म्हटले. लेकीच्या घरी निघालेल्या आईने जावयाचा खर्च वाढवायचा का, हा त्यामागचा विचार. मिळाली ती मधली सीट. दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड गृहस्थ, आणि दोघेही जेवण झाल्या झाल्या गाढ झोपलेले.

त्यांना उठवायचे कसे? एकदा उठवले, तेव्हा त्यातल्या एकाने नुसता सुस्कारा टाकला. तेवढा मला पुरला. पुढचे सात तास मी लघवीला गेले नाही. जावे लागू नये म्हणून पाणीही प्यायले नाही. उतरताना चपलेत पाय जाईना इतके सुजले होते. तिसऱ्या दिवशी लघवीला आग आणि ताप. नववा महिना लागलेली लेक मला घेऊन डॉक्टरकडे. तिथला डॉक्टरचा खर्च किती असतो ते ज्या जाऊन आल्या त्यांना ठाऊक आहे. सीटचे वाचवलेले पैसे त्यात कितीदा गेले याचा हिशेब मी केला नाही. मी तिची सेवा करायला गेले होते, आणि पहिला आठवडा तिने माझी केली.

तेव्हापासून माझे मत ठाम आहे. चाळिशी ओलांडलेल्या, दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईसाठी साध्या वर्गातली सगळ्यात चांगली सीट एकच: आइल सीट, म्हणजे चालायच्या वाटेला लागून असलेली. तिकिटाबरोबर ती मिळत नसेल तर पैसे देऊन घ्यावी, आणि ते पैसे चैनीत न धरता औषधपाण्याच्या खर्चात धरावेत.

लघवी हे एकच कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष जाहीर केले होते. चार तास किंवा त्याहून जास्त प्रवास, मग तो विमानाचा असो, गाडीचा की बसचा, केला की पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरून जाऊ नका, मुळात धोका लहान आहे. निरोगी माणसांत सहा हजारांत एक असे काहीसे प्रमाण त्यांनी सांगितले होते. पण ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतेच ऑपरेशन झाले आहे, वजन जास्त आहे किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच निघावे. कारण आहे हालचाल न होणे. खिडकीत बसलेला माणूस कमी उठतो, कारण उठायला दोघांची परवानगी लागते. वाटेकडेला बसलेली बाई दर तासा-दीड तासाने उठून चार पावले टाकून येऊ शकते. पाणीही भीती न बाळगता पिते.

आता आइल सीटही सगळ्या सारख्या नसतात, आणि इथे थोडे डोके चालवावे लागते. देशातल्या देशात आपण ज्या विमानाने जातो त्यात बहुधा वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात. ए आणि एफ खिडकीच्या, बी आणि ई मधल्या, सी आणि डी वाटेच्या. दोघी मैत्रिणी किंवा जावा-जावा जाणार असाल तर शेजारशेजारच्या दोन घेऊ नका, एकीने सी घ्यावी आणि दुसरीने त्याच ओळीतली डी. मधून वाट जाते एवढेच. गप्पाही होतात, डबाही इकडून तिकडे जातो आणि मधल्या सीटवर कोणी अडकत नाही.

परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानात दोन वाटा असतात. काहींत तीन-तीन-तीन अशी रचना, काहींत तीन-चार-तीन. तिथे मी नेहमी मधल्या गटातली वाटेकडची सीट धरते. कारण साधे आहे. खिडकीच्या गटात तुम्ही कडेला बसलात तर आतले दोघे तुम्हाला उठवणार. चारांच्या मधल्या गटात तुमच्या बाजूने एकच जण बाहेर पडतो, दुसरा पलीकडून जातो. तिघांच्या मधल्या गटात तर मधल्या माणसाला दोन्हीकडून वाट असते, म्हणजे निम्म्या वेळा तो तुम्हाला उठवतही नाही. चौदा तासांच्या प्रवासात झोपेचा एवढा फरक लहान नसतो.

स्वच्छतागृह जवळ हवे, पण अगदी शेजारी नको. पाच-सहा ओळींवर असले की बरे. अगदी लागून असलेल्या सीटवर रात्रभर दार वाजते, दिवा डोळ्यांवर येतो आणि रांगेतली माणसे तुमच्याच खांद्याला टेकून उभी राहतात. शेवटच्या ओळीतली सीट बऱ्याच विमानांत नीट मागेही जात नाही. ज्यांना विमानात मळमळते त्यांनी पंखांजवळची ओळ घ्यावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात, शेपटाकडे जास्त. एस.टी.चा शेवटचा बाक आठवा, म्हणजे लक्षात राहील.

भिंतीमागची पहिली ओळ दिसायला ऐसपैस वाटते आणि आपण भुलतो. पण तिथे पुढे सीट नसल्याने पायाशी पर्स ठेवता येत नाही, उड्डाणाच्या वेळी सगळे वर ठेवावे लागते. गोळ्या, चष्मा, सुकामेवा सगळे वर. लांबच्या विमानात तान्ह्या बाळांचे पाळणे याच भिंतीला लावतात. नातवंड बरोबर असेल तर हीच ओळ हक्काने मागा. एकट्या असाल आणि झोप हवी असेल तर लांब राहा. आणीबाणीच्या दाराजवळच्या ओळीत पाय पसरता येतात खरे, पण वेळ आली तर ते दार उघडायची ताकद असलेल्यांनाच तिथे बसवतात. गरोदर, वयस्कर, लहान मुले यांना देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

घरात या मतावर एकमत नाही हे सांगायला हवे. आमच्या ह्यांना खिडकीच लागते. साठी झाली तरी ढग बघायचे असतात. त्यांच्यासाठी आम्ही ए आणि सी घेतो, मधली बी रिकामी सोडतो. मधली सीट लोक शेवटी घेतात, त्यामुळे विमान भरलेले नसेल तर ती तशीच राहते आणि चैन होते. कोणी आलाच तर ह्यांनी मधल्या सीटवर सरकायचे आणि त्याला खिडकी द्यायची, असे ठरले आहे. अजून एकदाही सरकलेले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

खिडकी कोणाला हवी असावी हे मला कळते. आमच्या आत्यांचे सूर्यास्तानंतर जेवण नसते. त्यांना खिडकी लागते ती सूर्य बघायला. मुंबईहून लंडनकडे दिवसा निघालो तर आपण सूर्याच्या मागे मागे जातो आणि दिवस लांबतच जातो. घड्याळात मुंबईची रात्र झाली तरी बाहेर लख्ख ऊन. पूर्वेकडे जाताना उलटे, डबा उघडेपर्यंत अंधार. त्यातून इतक्या उंचीवर सूर्य जमिनीपेक्षा काही मिनिटे उशिरा मावळताना दिसतो. मग कुठला सूर्यास्त धरायचा, खालचा की खिडकीतला? आत्या म्हणतात, शंका आली की जेवण बंद. त्यांच्यापुढे मी काय बोलणार. पण त्यांनाही मी सांगितले आहे की सूर्य दाखवायला मी आहे, तुम्ही आधी गुडघ्यांचा विचार करा. खिडकी हवीच असेल तर बाजू तरी बघून घ्या: मुंबईहून दिल्लीला दुपारी जाताना डावीकडे ऊन येते, कारण पश्चिम त्या बाजूला राहते.

जेवणाचाही सीटशी संबंध आहे. आपण आधी सांगून ठेवलेले जैन जेवण बहुधा सगळ्यांच्या आधी येते, आणि ते सीटच्या आकड्यावर येते. परतीच्या प्रवासात मी हे शिकले. तेव्हा मी पैसे भरून आइल सीट घेतली होती. एक तरुण जोडपे आले, "आंटी, प्लीज, आम्हाला एकत्र बसायचं आहे." मी उठले आणि त्यांच्या मधल्या सीटवर जाऊन बसले. माझे कांदा-लसूण नसलेले ताट त्या मुलाकडे गेले, माझ्यापुढे आले ते चिकन. ते परत पाठवून बिस्किटांवर रात्र काढली. आणि पुन्हा तेच, पाणी न पिता बसणे.

यावर मैत्रिणींशी माझा वाद होतो. आपल्याकडे दुसऱ्यासाठी जागा सोडणे हा संस्कार आहे, आणि तो मलाही प्रिय आहे. लहान मुलापासून आई लांब पडली असेल तर मी आजही उठेन. (बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांजवळच सीट द्यावी, असे आपल्याकडच्या विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले आहे; सुनांना हे जरूर कळवा.) पण दोन धडधाकट माणसांना सिनेमा शेजारी बसून बघायचा आहे म्हणून साठीच्या बाईने चौदा तास मधे अडकून राहायचे, हे मला पटत नाही. हा त्याग नाही, ही आपली 'नाही' म्हणायची भीती आहे. नीट बघा, सीट बदलायला नेहमी कोणाला विचारतात? लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसाला नाही. एकट्या बसलेल्या, साडीतल्या बाईला. कारण ती उठेल याची खात्री असते.

आता मी हसून एवढेच विचारते, "तुमची सीट वाटेकडची आहे का?" असेल तर उठते. नसेल तर "मला पायाचा त्रास आहे" म्हणते, आणि ते खोटे नाही. बदललीच तर विमानातल्या मुलीला लगेच सांगते, की माझे जेवण आता या आकड्यावर.

आकड्यावरून आठवले. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान कोसळले, त्यातला वाचलेला एकमेव प्रवासी ११ए वर होता. त्यानंतर लोक ११ए मागू लागले. आमच्या गटातही एकीने विचारले. त्या विमानात ती सीट आणीबाणीच्या दाराजवळ होती; दुसऱ्या विमानात ११ए च्या जवळ दार असेलच असे नाही. बाकीचे २४१ जण गेले त्या जागी आकड्याचे कौतुक करवत नाही. आपल्या सीटपासून दार किती ओळींवर आहे ते बसताना मोजून ठेवावे, अंधारातही हाताने मोजता येतात.

कोल्हापूरसारख्या लहान विमानतळावर पंख्यांची एटीआर विमाने येतात, त्यांचे वेगळे. दोन-दोन सीट, त्यामुळे मधली सीटच नाही. आणि माणसांची चढ-उतार मागच्या दाराने होते. "पुढची सीट घेतली, लवकर उतरू" म्हणणारी काकू सगळ्यात शेवटी उतरते. पंख्यांपासून मागे बसले की आवाजही कमी लागतो.

येत्या थंडीत आम्ही अकरा जणी शिखरजीला निघालो आहोत, विमान रांचीपर्यंत. गेल्या वेळी सगळे तिकीट एकत्र काढले आणि सीट नशिबावर सोडल्या, तर अकराजणी अकरा ठिकाणी. या वेळी सीटचे काम मी मागून घेतले आहे. सी आणि डी च्या पाच ओळी लागोपाठ धरल्या, दहा जणी बसल्या. माणशी साडेतीनशे जास्त पडले, दोघींनी कुरकुर केली, मी ऐकले नाही. अकराव्या आत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "मला कुठेही चालेल गं." त्यांच्यासाठी मी सहावी ओळ, सी घेतली आहे.