रोजमेळ आला, शिल्लक राहिली

जयपूरच्या अल्बर्ट हॉल संग्रहालयातली इजिप्तची ममी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. १४ ऑगस्ट २०२० रोजी शहरात असा पाऊस कोसळला, की संग्रहालयाच्या तळघरात पाणी शिरलं. कर्मचाऱ्यांनी काच फोडून ममी वर नेली, म्हणून ती वाचली. पुरातत्त्व खात्याच्या हजारो फायली मात्र भिजल्या आणि मग पसरून वाळवाव्या लागल्या.

माझी ताई जयपूरलाच दिली आहे. भावोजींचा सांगानेरला ठशांनी कापड छापायचा कारखाना आहे. लाकडी ठसे वापरून झिजतात, तडकतात. म्हणून प्रत्येक नक्षीचं चित्र संगणकात ठेवलेलं. त्या पावसानं भावोजींनी धसका घेतला. भाच्यानं मग कारखान्यापासून लांब, राहत्या घरी एक सर्व्हर बसवला आणि तिथं रोज रात्री बॅकअप घ्यायला सुरुवात केली.

पहिल्या रात्री सगळ्याची पूर्ण नक्कल. नंतर रोज फक्त जे नवीन आलं किंवा बदललं तेवढंच. वेळ वाचतो, जागाही वाचते. घरच्या जमाखर्चाची वही आठवा. पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक, पुढे रोजमेळ. ते पहिलं पान फाटलं, तर पुढची पानं कितीही नेटकी असोत, हिशेब लागत नाही.

गेल्या वर्षी सर्व्हर जुना झाला म्हणून नवा आणला. जोडून द्यायला आलेल्या माणसानं गेल्या तीन महिन्यांच्या तेवढ्या नकला नव्यावर टाकल्या. ‘‘जुनं कशाला हवंय?’’ नवा सर्व्हर इमानेइतबारे रोज रात्री काम करायचा आणि सकाळी ‘यशस्वी’ असा निरोप द्यायचा. सगळे निर्धास्त.

चार महिन्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकानं एक जुनी बुट्टी पुन्हा छापून मागितली. तिचा ठसा तडकलेला, कोरणारे कारागीर हयात नाहीत. कारखान्यातल्या संगणकावर जागा करताना तिचं चित्र कधीतरी पुसलं गेलं होतं. नव्या सर्व्हरवर शोधलं, तर तिथंही नाही. असणार कसं? ते चित्र कधी बदललंच नव्हतं, म्हणजे ते होतं फक्त पहिल्या रात्रीच्या नकलेत!

ताईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. मी विचारलं, ‘‘जुना सर्व्हर कुठाय?’’

‘‘माळ्यावर. भंगारवाल्याला द्यायचा राहिलाय.’’

ताईचा काही न टाकण्याचा स्वभाव आम्हा भावंडांच्या थट्टेचा विषय आहे. त्या दिवसापासून मी गप्प आहे. जुना सर्व्हर सुरू झाला आणि चित्र मिळालं.

भाच्यानं मग स्थलांतर नव्यानं केलं. आधी जुन्याचं रात्रीचं काम बंद केलं, कारण दोन यंत्रं एकाच साखळीत लिहू लागली तर गोंधळ ठरलेला. मग पहिल्या नकलेपासून शेवटच्या दिवसापर्यंतची साखळी, मधला एकही दुवा न गाळता, बॅकअपच्या प्रोग्रॅमनं ठेवलेल्या नोंदींसकट उचलली. नकला कुलूपबंद असल्यानं पासवर्ड कागदावर लिहून ताईच्या कपाटात ठेवला. नव्या सर्व्हरवर मात्र त्यानं ताजी पूर्ण नक्कल घेऊन नवी साखळी सुरू केली. जुनी शेजारी तशीच, हात न लावता. हे मला फार पटलं; जागा थोडी जास्त जाते, जाऊ दे.

शेवटी त्यानं अगदी सुरुवातीच्या काळातल्या तीन फायली नव्या सर्व्हरवरून परत काढून, उघडून पाहिल्या. ‘यशस्वी’ या निरोपावर आता त्या घरात कुणी विसंबत नाही.

बुट्टीचा नवा ठसा कोरून झाला, माल गेला. जुना सर्व्हर अजून माळ्यावरच आहे. भावोजी म्हणतात, आता तरी काढू या. ताई म्हणते, दिवाळी होऊ दे, मग बघू.