ब्रेंट स्ट्रॉम यांची दुसरी इनिंग
बेसबॉलमध्ये पिचरचं सारं भांडवल त्याच्या खांद्या-कोपरात असतं. ब्रेंट स्ट्रॉम यांचं ते ऐन उमेदीत संपलं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या डावखुऱ्या पिचरला १९७० मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघानं खेळाडू-निवडीच्या (ड्राफ्टच्या) पहिल्या फेरीत निवडलं. मेजर लीगमध्ये मात्र नावावर लागले २२ विजय, ३९ पराभव. पिचर टॉमी जॉन यांच्या नावानं ओळखली जाणारी कोपराची प्रसिद्ध शस्त्रक्रिया त्यांच्यानंतर करून घेणारे स्ट्रॉम हे दुसरे पिचर. तरी मेजर लीगमध्ये परतणं जमलं नाही. मग ते प्रशिक्षक झाले आणि, मला हेच फार मोलाचं वाटतं, शिकायचे थांबले नाहीत. २०१४ पासून ते ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजचे पिचिंग कोच होते. चेंडू खालीच ठेवा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धडा बाजूला सारून साठी उलटलेला हा माणूस तरुणांना उंच, वेगवान चेंडू टाकायला शिकवत होता.